दार शेवटी लावायचं

हात मोकळे असतील तर एक बोट समोर हवेत धरा. आपण मिळून एक चिनी अक्षर लिहू या.

आधी एक उभी रेघ, वरून खाली. पुन्हा तिच्या माथ्याशी या, उजवीकडे आडवी रेघ ओढा आणि बोट न उचलता तिथूनच खाली वळा. तीन भिंती उभ्या राहिल्या, तळ अजून उघडा आहे. आता आत एकाखाली एक दोन आडव्या रेघा, त्यांच्यामधून एक उभी, तिच्या पायाशी तिसरी आडवी आणि उजव्या कोपऱ्यात एक ठिपका. सगळ्यात शेवटी तळाची रेघ. आठ फटकाऱ्यांत ‘ग्वो’ हे अक्षर पुरं झालं. त्याचा अर्थ देश; आतली खूण जेड या मौल्यवान दगडाची.

आधी आत जायचं, मग दार लावायचं, असं चिनी मुलांना शिकवतात. बाकीचे मुख्य नियमही सोपे आहेत. वरचं आधी, खालचं नंतर. डावीकडचं आधी, उजवीकडचं नंतर. रेघा एकमेकींना छेदत असतील तर बहुधा आडवी आधी, उभी नंतर.

तुम्ही म्हणाल, अक्षर शेवटी सारखंच दिसणार, मग क्रमाचा एवढा आग्रह कशाला? मी चाकणजवळ निघोज्यात राहतो, गाड्यांच्या कारखान्यांच्या शेजारात. इथला कुठलाही कामगार सांगेल, चाकाचे नट ओळीने आवळत नाहीत, समोरासमोरचे आवळतात. तयार गाडीत तो क्रम डोळ्यांना दिसत नाही, पण चाक नीट बसतं ते त्याच्यामुळेच.

अक्षरात मात्र क्रम दिसतोही. त्यासाठी आपली मोडी आठवा. देवनागरीत शब्द लिहून झाला की आपण शिरोरेघ देतो. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढायचा आणि तिच्याखाली, लेखणी शक्यतो न उचलता, अक्षरं लिहीत जायचा. पेशवे दप्तरातला कागद वाचताना हात कुठून कुठे वळला हे ओळखावं लागतं. भरभर लिहिलेल्या चिनी अक्षरांचंही तसंच आहे. रेघा एकमेकींत मिसळतात, ठिपके ओघळतात, तरी वाचणाऱ्याला अक्षर लागतं, कारण लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या हातांना वाट एकच माहीत असते. देशागणिक ही वाट थोडी बदलते. ‘राजा’ या अक्षरातली उभी रेघ चीनमध्ये तिसरी येते, जपानमध्ये दुसरी.

म्हणून चिनी सुलेखन समोर आलं की ते चित्रासारखं एकदम पाहू नका. पहिली रेघ शोधा आणि कुंचल्याच्या मागून चाला. तो कुठे दाबला, कुठे हलका झाला, शाई कुठे संपत आली, सगळं कागदावर उमटलेलं असतं. इ.स. ३५३ मध्ये सुलेखनकार वांग शीजर यांनी एका काव्यसंमेलनातल्या कवितांना प्रस्तावना लिहिली. मूळ कागद हरवला, नकला उरल्या. त्यात ‘जर’ हे एकच छोटं अक्षर सुमारे वीस वेळा येतं, आणि दर वेळी त्याचं रूप वेगळं आहे. क्रम हातात इतका मुरला होता की मन रूपाकडे द्यायला मोकळं होतं. ठेका पक्का असलेला पखवाजिया असाच मोकळा वाजवतो.

या अक्षरांची वाट आपल्या मातीतल्या एका माणसाने चालून पाहिली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये जखमी सैनिकांच्या सेवेसाठी चीनला गेले. तिथे ते भाषा शिकले आणि चिनी विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले. १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. त्यांचं चिनी नाव होतं ‘क दीह्वा’, आणि त्यातल्या शेवटच्या ‘ह्वा’चा अर्थच चीन. परक्या लिपीचा क्रम हाताला लावून घेणं म्हणजे त्या लोकांच्या हाताला हात लावून चालणं, असं मला त्यांच्याकडे पाहून वाटतं.

चाकणच्या रस्त्यावर कधी चीनहून आलेलं यंत्राचं खोकं दिसलं, तर त्यावर ‘ग्वो’ची ती चौकट शोधा. चीनच्या नावातलं दुसरं अक्षर तेच आहे. तिथेच उभं राहून हवेत बोट फिरवा. भिंती, आतलं रत्न, आणि मग दार.