उंब्रियाच्या खानावळीत



इटलीत वीस प्रांत आहेत. त्यांतला एकच असा, की ज्याला समुद्र लाभलेला नाही आणि परक्या देशाची सीमाही लागत नाही. तो म्हणजे उंब्रिया. रोमच्या उत्तरेला, चारी बाजूंनी डोंगर, मधून तेवेरे नदी. हिलाच आपण भूगोलाच्या पुस्तकात टायबर म्हणून ओळखतो. एट्रस्कन आले, रोमन आले, पोपचं राज्य आलं, 1860 मध्ये तेही गेलं. प्रांत मात्र शेतकऱ्यांचाच राहिला. समुद्र नाही, म्हणून ताटात मासळी बेताची. त्रासिमेनो सरोवराच्या काठी गोड्या पाण्यातले मासे मिळतात तेवढेच. बाकी सगळं जमिनीतून येतं. गहू, ऑलिव्ह, कडधान्यं, रानभाज्या, मेंढीचं चीज आणि डुकराचं मांस. आज मी तुम्हाला या प्रांतातली देवळं किंवा चित्रं दाखवणार नाही. जेवायला घेऊन जाणार आहे.

माझी भाची पेरूजाला, परदेशी विद्यार्थ्यांना इटालियन शिकवणाऱ्या विद्यापीठात शिकत होती. ऑक्टोबर महिना होता. ती मला आणि माझ्या पत्नीला मोंतोने गावाजवळच्या एका खानावळीत घेऊन गेली. पाटी लहान, दिवाणखान्याएवढी खोली, टेबलांवर कागद अंथरलेला, आणि कोपऱ्यात भलीमोठी चूल. ओकच्या लाकडांचे निखारे फुललेले. मेनूकार्ड नव्हतंच. मालकीणबाई हात पुसत आल्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि काय काय आहे ते तोंडानं सांगू लागल्या.

भाची म्हणाली, "मामा, बाई विचारतायत, भूक किती आहे?"

मी म्हटलं, "चांगली आहे म्हणावं. पण मामी मांस खात नाही, तेवढं सांग."

बाईंनी एक क्षणही विचार केला नाही. म्हणाल्या, मग यांना आज तुमच्यापेक्षा चांगलं जेवण मिळेल. आणि तसंच झालं. मला हे मुद्दाम सांगायचंय, कारण आपल्याकडचे शाकाहारी लोक इटलीच्या खेड्यात जायला घाबरतात. उंब्रिया डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध आहे हे खरं. नोर्चा गावचे खाटीक शेकडो वर्षं हिवाळ्यात गावोगाव फिरून लोकांची डुकरं कापून, मांस मुरवून द्यायचे. पण शेतकऱ्याच्या घरात मांस रोज कुठे असणार? रोजचं जेवण कडधान्याचं आणि पालेभाजीचं. ते आजही खानावळीत मिळतं, फक्त विचारावं लागतं.

पहिल्यांदा आली ती चाच्चा. पेरूजाकडे तिला तोर्ता अल तेस्तो म्हणतात, गुब्बियोकडे क्रेश्चा. नावं निराळी, वस्तू एकच, आणि प्रत्येक गावाला आपलीच खरी वाटते. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ, किंचित ऑलिव्ह तेल, चिमूटभर सोडा. लाटायची आणि तापलेल्या जाड तव्यावर टाकायची. आपल्या भाकरीची ही बहीणच, पण अंगानं दुप्पट जाड. मी उठून चुलीपाशी जाऊन उभा राहिलो. बाईंनी निखाऱ्यांवर ठेवलेल्या तव्यावर चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरलं. पीठ लगेच काळं पडलं. त्यांनी मान हलवली, थोडे निखारे बाजूला ओढले, थांबल्या, पुन्हा पीठ टाकलं. या वेळी ते सावकाश तांबूस झालं. मग चाच्चा तव्यावर पडली. काट्यानं तिला टोचे मारले, उलटली, पुन्हा उलटली. काढल्यावर तिचे त्रिकोणी तुकडे केले, प्रत्येक तुकडा मधून चिरून उघडला आणि आत लसूण घालून परतलेली रानभाजी भरली. माझ्या तुकड्यात भाजीबरोबर निखाऱ्यावरचं सॉसेज. माझ्या पत्नीनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हे मी रोज खाईन." तिनं नंतर आणखी दोन तुकडे मागून घेतले.

तिथला नेहमीचा पाव मात्र अळणी असतो. मुळीच मीठ नाही. याची एक गोष्ट सांगतात. 1540 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मिठावर कर वाढवला, पेरूजाच्या लोकांनी बंड केलं, हरले, आणि तेव्हापासून हट्टानं पावात मीठ घालणं सोडलं. इतिहासाच्या अभ्यासकांना ही गोष्ट फारशी पटत नाही. पाव आधीपासूनच अळणी होता असं ते म्हणतात. पण बंड झालं होतं हे खरं, आणि त्यानंतर पोपनं शहराच्या डोक्यावर बांधलेल्या किल्ल्याचे तळघरातले अवशेष आजही पेरूजात बघता येतात. पहिल्या घासाला तो पाव घशाखाली उतरत नाही. मग त्याबरोबर खारवलेल्या मांसाची चकती किंवा मेंढीचं जुनं चीज खाल्लं, की कळतं की मीठ इथे दुसऱ्या पदार्थात आहे.

आम्ही पास्त्याची वाट बघत होतो तेवढ्यात मागच्या दारानं एक गृहस्थ आले. बुटांना चिखल, हातात लहान कुदळीसारखं हत्यार, पायाशी कुरळ्या केसांचा कुत्रा. खिशातून त्यांनी कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली. बटाट्यासारखी दिसणारी, मातकट पिवळी. ते पांढरं ट्रफल होतं. ही जमिनीखाली, ओक आणि पॉप्लरच्या मुळांशी वाढणारी बुरशी. जमिनीखालून तिचा वास कुत्र्यालाच येतो, माणसाला नाही. आणि ती उकरायला तिथे परवाना लागतो. बाईंनी ते नाकाशी धरलं, डोळे मिटले, मग छोट्या काट्यावर वजन केलं. दोघांत हलक्या आवाजात काही बोलणं झालं, पैसे दिले गेले. कुत्र्याला पावाचा तुकडा मिळाला.

त्याच ट्रफलचे कागदाहून पातळ काप थोड्या वेळानं आमच्या ताटात होते, तळलेल्या अंड्यावर. पांढरं ट्रफल शिजवत नाहीत, वरून किसतात. अन्नाच्या उष्णतेनं वास फुलतो. लसूण, ओली माती, मध, असं काहीतरी एकत्र. ते महाग असतं, ग्रॅमवर विकतात, म्हणून किंमत आधी विचारून घ्यावी. यात कोणी वाईट वाटून घेत नाही. काळं ट्रफल स्वस्त, ते नोर्चाकडे हिवाळ्यात निघतं. किसून, लसणाबरोबर तेलात कोमट करून पास्त्यावर घालतात.

पास्ता आला तो उंब्रिचेल्ली. नुसतं पीठ आणि पाणी, अंडं नाही. तळहातांमध्ये वळून केलेले जाड दोरे. टोमॅटो आणि लसणाचा रस. चावायला लागतो, पटकन गिळता येत नाही. मग कोकराच्या बरगड्या, थेट निखाऱ्यावरून, हातानं खायच्या. पत्नीसाठी चवळईसारख्या नव्हे, चांगल्या कडू चिकोरीची भाजी, मिरची घालून परतलेली. शेवटी बदामाची कडक बिस्किटं आणि ती बुडवायला गोड वाइन. तेवेरेच्या या वरच्या खोऱ्यात ही वाइन धुरकट लागते. द्राक्षांचे घड स्वयंपाकघराच्या तुळयांना टांगून महिनोन् महिने वाळवतात, चुलीचा धूर त्यांना लागत राहतो. ती चव अजून माझ्या जिभेवर आहे.

जेवून आम्ही मोंतोनेला गेलो, आणि तिथे मला थांबावंच लागलं. त्या गावात 2023 मध्ये एक सूर्यघड्याळ उभारलंय, नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा हा मुलगा, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा. दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 रोजी तेवेरेच्या याच खोऱ्यात त्याच्या तुकडीतले बहुतेक सगळे पडल्यावर तो एकटा मशीनगनवर धावून गेला, ती बंद पाडली आणि तिथेच मारला गेला. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मुंबई-गोवा रस्त्यानं जाताना माणगावच्या तहसील कचेरीत त्याचा पुतळा आहे. आपल्यापैकी किती जण तिथे थांबतात? इटलीतल्या एका लहान गावानं आठवण ठेवली, याचं मला मोल वाटतं, आणि आपल्या विस्मरणाचं वाईटही वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरात, नोर्चा आणि त्याच्याही वर कास्तेलुच्चोला गेलो. साडेचौदाशे मीटर उंचीवरचं गाव, खाली पठार, आणि तिथे पिकतो मसूर. बारीक, तपकिरी-हिरवा, सालीनं इतका पातळ की भिजत घालावा लागत नाही. जूनच्या अखेरीला आणि जुलैत या शेतांत फुलं फुलतात, ती बघायला गर्दी लोटते. आम्ही गेलो तेव्हा शेतं मोकळी होती. 30 ऑक्टोबर 2016 च्या भूकंपानं हे गाव जवळजवळ जमीनदोस्त केलं. नोर्चातलं संत बेनेडिक्टचं चर्चही कोसळलं, फक्त दर्शनी भिंत उभी राहिली. कास्तेलुच्चोचा रस्ता बंद झाला. तरी 2017 च्या वसंतात शेतकरी ट्रॅक्टरांची रांग करून वर गेले आणि मसूर पेरला. मला हे फार मोठं वाटतं. घर पडलंय, राहायला जागा नाही, आणि माणूस आधी पेरणीचा विचार करतो.

आम्ही जेवलो ते तात्पुरत्या बांधलेल्या जागेत. मसुराची आमटी, भाजलेला पाव, वरून हिरवं तेल. पत्नीनं भाचीला विचारायला सांगितलं, फोडणीला काय? उत्तर आलं: लसूण, सेलरीचा देठ, तेल, मीठ. बस. "एवढंच?" तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. चव सगळी दाण्याची होती.

आता थोडी तक्रार. असिसीच्या आसपास आता अशा जागा वाढल्यात, जिथे दारात पाच भाषांतला, फोटोंचा मेनू लावलेला असतो. पास्ता बाहेरून आलेला, ट्रफलच्या नावाखाली कृत्रिम वासाचं तेल. आणि आपल्या सहलींच्या बस तर बहुतेक वेळा तिथेही थांबत नाहीत; डब्यातलं पनीर आणि जीरा राइस खाऊन पुढे जातात. घरच्या चवीची ओढ मी समजू शकतो, वयस्कर मंडळी बरोबर असतात. पण एवढ्या लांब जाऊन एक चाच्चासुद्धा खायची नाही? तिकडे खेड्यांतल्या खानावळी बंद होताहेत. आई स्वयंपाक करते, बाप निखारे सांभाळतो, मुलगा रोमला किंवा मिलानला नोकरीला. आमच्या मालकीणबाईंना मी विचारलं, पुढे कोण चालवणार? त्यांनी हात वर केले आणि दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. अशा जागी चार माणसं जास्त जेवली, तर ती चूल आणखी काही वर्षं पेटती राहील. मला खरंच असं वाटतं.

तर जाल तेव्हा काही गोष्टी लक्षात ठेवा. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात कुलूप. आठवड्यातून एक दिवस बंद, तो आधी विचारून घ्या. बिलात पाव आणि टेबलाचे म्हणून थोडे पैसे लावलेले असतात, ती फसवणूक नाही, रीत आहे. घरची वाइन सुरईतून मिळते, पाव लिटर, अर्धा लिटर. सगळे पदार्थ घेतलेच पाहिजेत असं नाही. एक पास्ता आणि एक भाजी घेऊन उठलात तरी चालतं. बिल मात्र मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही, म्हणून ताटकळत बसू नका. शेतावर राहायची-जेवायची सोयही आहे. 1985 च्या कायद्यानं इटलीतल्या शेतकऱ्यांना पाहुणे ठेवायला रीतसर परवानगी मिळाली. तिथे पानात येणारं बरंचसं त्याच शेतातलं असतं.

आणि सप्टेंबरमध्ये जात असाल तर कान्नाराला जा. असिसीपासून जवळ, कांद्यासाठी प्रसिद्ध असलेलं लहानसं गाव. तिथे कांद्याचा उत्सव भरतो. गावातल्या अंगणांत आणि चौकांत लांबच लांब टेबलं मांडतात. रांधणारे गावचे, वाढणारी शाळकरी मुलंही गावची. कांद्याचं सूप, कांद्याचा पिझ्झा, कांदा घातलेले गोड पदार्थसुद्धा. आधीच्या एका भेटीत आम्ही तिथे उशिरा पोचलो होतो. तुम्ही सातच्या आत रांगेत उभे राहा. आठनंतर पेरूजा आणि फोलिन्योहून मंडळी सहकुटुंब येतात, आणि मग पिझ्झा मिळेपर्यंत बराच वेळ लागतो.