देवगिरी : तासलेला डोंगर

मी औंढा नागनाथ येथें राहणारा एक निवृत्त शाळामास्तर. इतिहासाचा पंडित मी नव्हें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. परंतु आमच्या गांवचें देऊळ ज्या काळाची आठवण देतें, त्याच काळांत उभ्या राहिलेल्या एका डोंगरी किल्ल्याविषयीं आज चार शब्द आपणांपुढें ठेवावे, असें मनांत आहे. तो किल्ला म्हणजे देवगिरी, अर्थात् दौलताबाद.

आमच्या नागनाथाच्या देवळाचा खालचा भाग काळ्या दगडाचा व कोरीव कामानें भरलेला आहे. वरचा भाग मागाहून चुन्याविटांत बांधलेला आहे. एकाच इमारतींत दोन काळ एकमेकांच्या खांद्यावर बसलेले दिसतात. विसोबा खेचर आणि नामदेव यांची भेट येथें झाली, असें परंपरा सांगते. नामदेवांच्या त्या काळीं या मुलखावर देवगिरीच्या यादवांचें राज्य होतें. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, पुरी झाली, तेव्हां देवगिरीच्या गादीवर रामदेवराव होता. त्याच दरबारांत हेमाद्रि पंडित मंत्री होता. त्याच्याच नांवावरून जुन्या दगडी बांधकामाला आपण ‘हेमाडपंती’ म्हणतों.

इ. स. ११८७ च्या सुमारास पांचव्या भिल्लमानें देवगिरी ही आपली राजधानी केली. छत्रपति संभाजीनगरपासून हा डोंगर सुमारें १५ किलोमीटरांवर आहे. दुरून पाहतां तो शंकूसारखा दिसतो. सभोंवारच्या सपाटीवरून त्याची उंची सुमारें ६०० फूट आहे. इतर किल्ल्यांना डोंगराची नैसर्गिक चढण पुरते. येथें मात्र माणसानें डोंगराच्या खालच्या अंगाचा उतार तासून काढून, दीडएकशें फुटांचा उभा कडा केला आहे. घोरपडीलासुद्धां नख रोवायला जागा मिळूं नये, असें तें काम आहे. कड्याच्या पायथ्याशीं खडकांतच खोदलेला खंदक आहे. खंदक ओलांडला, कीं पुढची वाट डोंगराच्या पोटांतून जाते. तिला ‘अंधारी’ म्हणतात. भर दुपारींही तेथें स्वतःचा हात स्वतःला दिसत नाहीं. ही वाट वळणें घेत वर चढते, आणि वरच्या तोंडाशीं लोखंडी झांकण घालून त्यावर विस्तव पेटवावा व आंत शिरलेल्या शत्रूला धुरानें गुदमरवावें, अशी तेथें योजना होती.

असा हा किल्ला. तो तोफांच्या बळावर सर करणें किती कठीण, हें सांगावयास नकोच. मग तो पडला कसा? माझ्या मतें या किल्ल्याचा सगळा धडा या एका प्रश्नांत आहे.

इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. त्या वेळीं युवराज शंकरदेव मोठ्या फौजेसह दूर गेलेला होता. रामदेवरावानें घाईघाईनें किल्ल्याचा आश्रय घेतला. शिबंदीसाठीं धान्याचीं म्हणून जीं पोतीं वर चढविलीं, तीं उघडून पाहतां त्यांत मीठ निघालें, अशी कथा सांगतात. शंकरदेव परतला व लढला. परंतु त्याचा मोड झाला, आणि अखेरीस अलोट खंडणी देऊन तह करावा लागला. कडा अभंग होता. कोठार रिकामें होतें. पुढें १३१७-१८ च्या सुमारास यादवांचें राज्य साफ बुडालें. मुबारक खिलजीच्या त्याच काळांत, जुन्या देवळांचे खांब वापरून खालच्या कोटांत मशीद उभी राहिली. ते खांब आजही तेथें ओळीनें उभे आहेत. औंढ्याच्या माणसाला ते पाहतांच ओळखीचे वाटतात. १९४८ नंतर तेथें भारतमातेची मूर्ति बसविण्यांत आली.

इ. स. १३२७ सालीं महंमद तुघलकानें दिल्लीहून राजधानी येथें आणली व ‘दौलताबाद’ हें नांव दिलें. थोड्याच वर्षांत तो बेत फसला. त्या शतकांत आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानें या किल्ल्याचें व तेथील बंदीखान्यांतील मोठाल्या उंदरांचें वर्णन करून ठेवलें आहे. १३४७ मध्यें बहामनी राज्याची स्थापना येथेंच झाली. पंधराव्या शतकांतील चांदमिनार त्यांच्याच अमदानींतला. त्याची उंची सुमारें २१० फूट आहे. त्यानंतर किल्ला निजामशाहीकडे गेला. १६२९ सालीं याच किल्ल्यांत निजामशहानें जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांना दग्यानें ठार मारविलें. १६३३ मध्यें महाबतखानानें वेढा घातला. सुरुंगांनीं तट फुटले हें खरें. परंतु आंत उपासमार सुरू झाली, आणि अखेर मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान यानें किल्ला खालीं करून दिला. १६८७ मध्यें गोवळकोंडें पडल्यावर तेथला शेवटचा सुलतान तानाशहा येथील चिनी महालांत कैदेंत पडला, व कैदेंतच त्याचा अंत झाला. १७६० मध्यें उदगीरच्या लढाईनंतर किल्ला कांहीं काळ पेशव्यांकडे आला व पुन्हा निजामाकडे गेला. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें, तेव्हां ही मालिका संपली.

पाहा बरें! मिठाचीं पोतीं, रिकामें कोठार, घरांतला दगा. डोंगर एकदांही हरला नाहीं. हरलीं तीं माणसें.

जपानांत ह्योगो प्रांतांत ताकेदा नांवाचा असाच एक डोंगरी किल्ला आहे. तो ३५३ मीटर उंचीच्या माथ्यावर आहे. इ. स. १६०० मध्यें त्याचा शेवटचा धनी गेला व किल्ला ओस पडला. इमारती लाकडाच्या होत्या, त्या गेल्या. चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या ताली तेवढ्या उरल्या. शरद ऋतूंत पहाटे खालची दरी धुक्यानें भरते, आणि त्या ताली ढगांवर तरंगतांना पाहण्यासाठीं लोक लांबून येतात. तेथें वाडा नाहीं, सिंहासन नाहीं. तरी जें उरलें, तें त्या लोकांनीं आपलें मानलें आहे.

आतां माझी स्वतःची एक गोष्ट सांगतों. मी आठवींत असतांना आमची सहल देवगिरीला गेली होती. चिनी महालाच्या भिंतीच्या चुन्यावर मीं खिळ्यानें माझें नांव कोरलें, आणि खालीं ‘औंढा’ असें लिहिलें. मित्र पाळत ठेवून उभा होता. पराक्रम केल्यासारखें वाटलें होतें! पुढें मी मास्तर झालों. तीस वर्षांनीं माझ्या वर्गाची सहल घेऊन मी त्याच ठिकाणीं गेलों. किल्ल्याविषयीं मोठ्या उत्साहानें सांगत होतों. तोंच एक मुलगा भिंतीजवळून ओरडला, “गुरुजी, येथें आपल्या गांवचें नांव आहे!” सगळीं मुलें धांवलीं. वरचें नांवही त्यांनीं मोठ्यानें वाचलें, आणि मग एकदम गप्प झालीं.

खोटें बोलणें सोपें होतें. त्या नांवाचीं माणसें गांवांत आणखीही होतीं. परंतु मीं सांगितलें, “बाळांनो, हें मींच केलें आहे.” एका मुलीनें हळूच विचारलें, “गुरुजी, हें पुसतां येईल का?” मीं बोट फिरवून पाहिलें. थोडा चुना गळून हातावर आला. पुसावयास गेलों, तर भिंत आणखी उघडी पडणार होती. मीं तिला म्हटलें, “नाहीं ग, हें आतां माझ्याहूनही जास्त काळ राहील.”

त्या दिवशीं परततांना गाडींत कोणी गाणीं म्हटलीं नाहींत. परंतु त्यानंतर माझ्या वर्गांतील एकाही मुलानें कोणत्याही देवळाला वा किल्ल्याला खिळा लावल्याचें मला ऐकूं आलें नाहीं. औंढ्याच्या देवळांत ते मुलगे आज आपलीं मुलें घेऊन येतात, आणि दगडाला टेकलेला छोट्याचा हात आपण होऊन बाजूला घेतात. चाळीस वर्षांच्या शिकवण्यांत मला याहून मोठी कमाई आठवत नाहीं.

श्रोतेहो, सुटींत मुलांना देवगिरी अवश्य दाखवा. अंधारींतून जातांना त्यांचा हात धरा. वर पोंचल्यावर त्यांना मिठाच्या पोत्यांची गोष्ट सांगा, आणि खालीं उतरतांना माझीही सांगा. आठशें वर्षांपूर्वीं ज्या अनाम पाथरवटांनीं तो डोंगर तासला, त्यांनीं स्वतःचें नांव त्या कड्यावर कोठेंही मोठ्या अक्षरांत मिरविलेलें मला दिसलें नाहीं. आपण तरी कशाला लिहावें?