कागदाचं लाळेरं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं होतं, प्रत्येकाने आपल्या कामातली एकच गोष्ट सांगायची आणि दहा मिनिटांत संपवायची. माझ्याआधी कोणी शस्त्रक्रियेबद्दल बोललं, कोणी धरणाबद्दल. मी बोलणार आहे लाळेऱ्याबद्दल. हसा, हसा. घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा घरचेही असेच हसले होते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे की अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं कागदी वेष्टनांचं छोटं युनिट आहे. खोके, पिशव्या, मिठाईच्या दुकानांची वेष्टनं असं काम चालतं. लाळेऱ्याचा आणि आमचा काही संबंध नव्हता. संबंध आणला माझ्या नातीने.

लेक बाळंतपणाला घरी आली होती. बाळंतविड्यात कुंची, झबली, टोपडी, दुपटी आणि डझनभर लाळेरी होती. सासूबाईंनी जुन्या सुती साड्यांची आणखी डझनभर शिवली. सहा महिने झाले, उष्टावण झालं, मामाने खीर चाटवली आणि लाळेऱ्यांचा खरा हंगाम सुरू झाला. मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप. त्यातलं निम्मं पोटात आणि निम्मं छातीवर. त्यात नाशिकचा श्रावण. दोन-दोन दिवस कापड वाळत नाही आणि हळदीचा डाग तर जन्मात जात नाही.

नात सात महिन्यांची असताना आम्ही सप्तशृंगगडाला गेलो. वणी यायच्या आधीच तीन लाळेरी संपली. ओली लाळेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली आणि रात्री घरी येऊन पिशवी उघडली. पुढचं सांगत नाही, इथे अजून जेवण व्हायचं आहे. पण त्या रात्री वाटलं, आपण एवढे कागदवाले, प्रवासापुरतं एक कागदाचं लाळेरं करता येऊ नये?

नमुना डोळ्यासमोर होता. दंतवैद्याच्या खुर्चीत बसलं की ते आपल्या छातीवर जो चौकोन अडकवतात तो. त्यात वर मऊ कागदाचे दोन पदर असतात आणि खाली प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. वरचा कागद ओलं पितो, खालचं प्लॅस्टिक ते अंगापर्यंत जाऊ देत नाही. तसाच चौकोन लहान करायचा, गळ्याला अर्धगोल कापायचा, झालं. आठ दिवसांचं काम, असं मी घरात जाहीर केलं. त्याला दीड वर्ष लागलं.

पहिल्या नमुन्याला मी दोन नाड्या लावल्या. सासूबाईंनी तो हातात घेतला, नाड्या ओढून पाहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, गळ्याला दोरी? आमच्या लाळेऱ्यांना नाडी असायची, पण ती जीर्ण साडीच्या काठाची. बाळाने ओढली की तुटायची. ही तर तुटतच नाही.” मी मजबूत नाडी लावली म्हणून खूश होते. बाळ रांगताना लाळेरं कशात अडकलं तर ती तुटलीच पाहिजे, हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या नमुन्याला नाड्यांऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. तिच्यावर गुळगुळीत कागदाचा एक तुकडा असतो, तो सोलून फेकायचा. पहिल्याच दिवशी लेकीने तो सोलून ताटाशेजारी ठेवला आणि वाटी घ्यायला वळली. मी समोरच बसले होते. नातीने तो तुकडा उचलला कधी आणि तोंडात घातला कधी, मला कळलं नाही. तिचा चेहरा बदलला तेव्हा कळलं. लेकीने तिला हातावर पालथं घेतलं, पाठीवर थापट्या मारल्या, तुकडा बाहेर आला. सगळं मिळून काही सेकंद गेले असतील. रात्री मात्र मला झोप लागली नाही. तो तुकडा मीच मापाने कापला होता.

दुसऱ्या दिवशी मी शोधाशोध केली. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना एक छोटं नळकांडं वापरतात. त्याचा व्यास साधारण ३२ मिलिमीटर, लहान मुलाच्या घशाच्या अंदाजाने ठरवलेला. जो भाग त्या नळकांड्यात पूर्ण बसतो, तो नापास. लाळेरं हे खेळणं नाही, पण बाळाला तो फरक कुठे माहीत असतो? मी तसं नळकांडं करून घेतलं. ते आजही माझ्या टेबलावर आहे. त्या दिवसापासून आमच्या लाळेऱ्याला सुटा होणारा एकही तुकडा नाही, चिकटपट्टी नाही आणि पिन तर नाहीच.

तिसरा नमुना दिसायला देखणा झाला. खाली प्लॅस्टिकचा पापुद्रा होताच. एका घाऊक व्यापाऱ्याला तो आवडला आणि त्याने मोठी मागणी नोंदवायची तयारी दाखवली. त्याच आठवड्यात मी वापरलेली लाळेरी घेऊन घंटागाडीपाशी गेले. गाडीवरच्या ताईंनी एक उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, हे ओल्यात टाकू की सुक्यात?”

मला उत्तर देता आलं नाही. वरण-भाताने भिजलेलं म्हणून ते ओलं, म्हणजे खताकडे जाणार. पण खाली प्लॅस्टिक, म्हणजे खतात पापुद्रे उरणार. सुक्यात टाकावं तर खरकटं कुजून बाकीचा सुका कचराही घाण होणार. आपल्या राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, त्याबद्दल मी व्यासपीठावरून बोललेही होते. आणि पंधरा मिनिटं वापरायच्या वस्तूला मीच प्लॅस्टिकचं अस्तर लावत होते. ते काढायचं ठरवलं. व्यापारी म्हणाला, “मग पाणी पलीकडे जाईल, माल चालणार नाही.” मागणी गेली. घरात दोन दिवस कोणी माझ्याशी फारसं बोललं नाही.

आता प्रश्न सरळ होता. कागद भिजतो, त्याचं काय करायचं? आपण नाशिकचे. नोट खिशातून धुतली गेली तरी शाबूत राहते हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. नाशिकरोडच्या प्रेसमधल्या कामगारांची मुलं आपल्या वर्गात होती, त्यांना तर त्याचा अभिमान असायचा. नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो म्हणून तो टिकतो. साधा कागद लाकडाच्या आखूड तंतूंचा. ते तंतू एकमेकांना धरून असतात, मध्ये पाणी शिरलं की पकड सुटते. पूर्ण भिजलेल्या साध्या कागदात मूळ ताकदीचा दहावा हिस्साही उरत नाही. लगद्यात विशिष्ट राळ मिसळली तर ओला कागदही टिकतो, पण तो जितका टिकाऊ, तितका कुजायला उशीर. म्हणजे मला नोटेसारखा कागद नको होता. जेवण संपेपर्यंत टिकणारा आणि नंतर मुकाट्याने मातीत जाणारा हवा होता.

खालच्या पदरासाठी बटर पेपरच्या जातीचा कागद सापडला. लगदा खूप वेळ कुटून तंतू इतके घट्ट बसवतात की तूप-तेल सहज पार होत नाही, प्लॅस्टिक न लावता. वरच्या दोन पदरांना खळ लावायची नव्हती. बाइंडिंगच्या खळीत मोरचूद घालतात, ते बाळाच्या तोंडाजवळ कसं चालेल? म्हणून कागदी रुमालांच्या कडा जशा दातेरी चाकाखाली दाबून जोडतात, तशा जोडल्या. वर ससा-हत्ती छापा, असं सगळे म्हणत होते. पण बाळ लाळेरं चोखतं, म्हणून शाई नको. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं सांगतात तेही शाईमुळेच. नाशिकसारख्या छपाईच्या गावात राहून मी कोरा माल काढला.

तरी दोन अडचणी उरल्या. खाली सांडलेलं झेलायला मी चार बोटं कागद वर दुमडून खिसा केला होता, तो मिटून चपटा व्हायचा आणि वरण थेट मांडीवर. आणि गळ्याचे कागदी पट्टे हवे त्याहून मजबूत होते. ताणकाट्याला लावून ओढत होतो, तुटतच नव्हते. पट्टे अरुंद केले तर बांधतानाच फाटायचे.

इथे मला, बाई, तुमचा कार्यानुभवाचा तास आठवला.

मित्रांनो, आठवतं का? पाकिटं करायला शिकवायच्या आधी बाईंनी प्रत्येकाला एक कागद दिला आणि म्हणाल्या, फाडा. आपल्याला वाटलं, बाईंना काय झालं? एका दिशेने कागद सरळ रेषेत फाटला, दुसऱ्या दिशेने वाकडातिकडा. बाई म्हणाल्या, कागदालाही लाकडासारख्या शिरा असतात. आधी त्या कुठे जातात ते बघा, मग कात्री घ्या. मागच्या बाकावर आम्ही त्या फाडलेल्या कागदांचे बाण करून उडवले आणि शिक्षा भोगली. धडा मात्र डोक्यात कुठेतरी राहून गेला.

मी युनिटमध्ये गेले आणि लाळेरं फाडून पाहिलं. शिरा आडव्या होत्या. एका तावात जास्त नग बसावेत म्हणून आम्हीच साचा आडवा मांडला होता. शिरांच्या रेषेत ओढलं तर कागद सर्वांत मजबूत, म्हणून आडवे पट्टे तुटत नव्हते. आणि शिरांच्या रेषेतच घडी घातली तर ती मुकाट्याने मिटते, म्हणून खिसा चपटा होत होता.

साचा काटकोनात फिरवला. आता शिरा उभ्या. गळ्याचे पट्टे शिरांना आडवे आले. एका पट्ट्याला मिठाईच्या खोक्यासारखी खाच केली, दुसऱ्याचं टोक तिच्यात अडकवायचं. मानेभोवती दोन बोटं सहज जातील एवढी जागा ठेवली. बाळाने हाताने चाळवलं तर पट्टा टिकतो, जोराचा हिसका बसला तर खाचेपाशी तुटतो, आणि तोही तुकडा न पडता. खिशाची घडी शिरांना छेद देऊन पडली, म्हणून ती पूर्ण मिटायला तयार नसते, थोडी उघडीच राहते. त्या उघड्या तोंडात वरण पडतं. आणि खिशाची टोकं बाईंच्या पाकिटासारखी मागे खोचली, डिंकाचा थेंबही न लावता. एका तावात नग कमी बसतात, तेवढा खर्च वाढला. तो मी सोसला.

पाणी पलीकडे जातं का? खूप वेळ ठेवलं तर जातं. जेवण आटोपेपर्यंत सहसा जात नाही. त्याहून जास्त मी कोणाला सांगत नाही. वापरून झाल्यावर घंटागाडीच्या ताईंना मी स्वतः दाखवलं. त्यांनी फाडून पाहिलं आणि न विचारता ओल्याच्या कप्प्यात टाकलं.

पाकिटावर आम्ही एक ओळ छापली आहे: ‘घरी असाल तर कापडी लाळेरं वापरा.’ एक दुकानदार म्हणाला, “ताई, स्वतःच्या मालाच्या विरोधात कोण छापतं?” पण खरं तेच आहे. सासूबाईंच्या साडीच्या लाळेऱ्याला माझ्याकडे तोड नाही. माझं लाळेरं प्रवासासाठी आहे, दवाखान्यात मुलाजवळ बसलेल्या आईसाठी आहे, पावसात काहीच वाळत नाही त्या चार दिवसांसाठी आहे. खप बेताचा आहे. युनिट अजूनही मिठाईच्या खोक्यांवरच चालतं.

आयुष्यभर मी वस्तू मजबूत करायला शिकले. या लाळेऱ्याने मला वेगळा प्रश्न विचारायला शिकवलं: ही वस्तू कुठे तुटली पाहिजे, आणि तुटल्यावर कुठे गेली पाहिजे? आधी शिरा बघा, मग कात्री घ्या, हे बाईंचं वाक्य त्याच प्रश्नाचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा सासूबाईंनी आणि घंटागाडीच्या ताईंनी सांगितला.

बाहेर चहाच्या टेबलाजवळ मी काही लाळेरी ठेवली आहेत. ज्यांच्या घरी नातवंडं आहेत त्यांनी न्यावीत. आणि बाई, तुमच्यासाठी एक वेगळं आणलं आहे. ते नेऊ नका, इथेच फाडून बघा. शिरा बरोबर लावल्यात का, तेवढं सांगा. चूक असेल तर मागच्या बाकावर जाऊन उभी राहते.