कितव्या दिवशी नळ येतो?



माझी सगळी नोकरी लोकांच्या रांजण-हौदांत बॅटरी मारून अळ्या शोधण्यात गेली. बोलणार आहे तेही त्याविषयीच.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका घरी रांजणात डोकावलो, तर माझी सावली पडताच अळ्या वळवळत तळाशी गेल्या. म्हटलं, "आजी, हे पाणी ओतून द्या." आजी म्हणाल्या, "वतते की. पन नळ आता फुडच्या मंगळवारी यायचा. तवर तू आनून देतोस का?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ॲबेट या अळीनाशकाचे थेंब टाकले, दारावर खडूने तारीख लिहिली आणि पुढच्या घरी गेलो. तो प्रश्न मात्र आजपर्यंत माझ्याबरोबर आहे.

डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या मादीला घराजवळ साठवलेलं पाणी लागतं. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या अंगाला ती अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, पाणी लागलं की फुटतात. म्हणून भांडं नुसतं पालथं करून भागत नाही, आतून काथ्याने घासावं लागतं. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ दिवस पुरतात. मराठवाड्यातल्या कित्येक वस्त्यांत नळही आठ दिवसांनीच येतो. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, हा आपला ‘कोरड्या दिवसा’चा सल्ला अडतो तो इथे.

१९७३ साली बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली. त्याआधी महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ सोसला होता. दुष्काळामुळेच साथ आली, असं मी म्हणणार नाही. पण पाऊस जास्त म्हणजे डास जास्त, एवढ्यावर विसंबणाऱ्याने बार्शी लक्षात ठेवावी. तीस वर्षांहून अधिक काळ हा आजार जवळजवळ विस्मरणात गेला आणि २००६ मध्ये राज्यभर परतला.

हिवतापाची तऱ्हा निराळी. गडचिरोलीत जंगल, ओढे आणि रात्रीचा शेतातला मुक्काम पाहावा लागतो. मुंबईतल्या हिवतापाची कारणं शोधणाऱ्या डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात विहिरींकडे बोट दाखवलं होतं. तिथला हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्साय डास आज गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामावर साचलेल्या पाण्यात सापडतो. गाव बदललं की पाणी बदलतं आणि उपायही बदलावा लागतो.

साथ आली की पहिली मागणी होते धुराच्या फवारणीची. धुराने उडते डास मरतात, रांजणातल्या अळ्या तशाच राहतात. एडिस तर दिवसा चावतो आणि घरात, कपड्यांमागे, पलंगाखाली दडून बसतो. संध्याकाळी रस्त्यावरून धुराची गाडी फिरवल्याने लोकांना दिलासा मिळतो, साथ आटोक्यात येत नाही. हे आपण नगरसेवकांना स्पष्ट सांगितलं पाहिजे.

आशाताई आणि आरोग्यसेवकांनो, एक विनंती करतो. आपल्या सर्वेक्षणाच्या तक्त्यात घर क्रमांक असतो, तपासलेली भांडी असतात, अळ्या सापडलेली भांडी असतात. त्यात आणखी एक रकाना आखा: "नळ कितव्या दिवशी येतो?" महिनाअखेरीस तो कागद आरोग्य विभागाबरोबर पाणीपुरवठा विभागाच्या टेबलावरही ठेवा. येत्या सोमवारपासूनच सुरुवात करा.