कोरड्या मुलखातले शेजारी



आज एका लांबच्या देशाची गोष्ट सांगणार आहे. पण ऐकताना ती आपल्याच शिवारातली वाटली, तर परंडा-भूमकडच्या मंडळींनी नवल करू नये. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या कडेला नायजर नावाचा देश आहे. समुद्र नाही. पाऊस दक्षिणेत तीन-चार महिने, तोही बेभरवशाचा. मुख्य पीक बाजरी. बायका ती उखळात कांडतात, पीठ उकडून त्याचे गोळे करतात आणि आंबट दुधात कालवून पितात. आपल्या आंबिलीची बहीणच म्हणा ना! १९७२ साली आपली माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती, त्याच सुमारास तिकडेही गुरे चारापाण्यावाचून मरत होती.

लोक बहुतेक मुसलमान. पण सारे एका जातीचे नव्हेत. हौसा आणि झर्मा शेती करतात. तुआरेग आणि फुलानी पूर्वापार गुरे-उंट घेऊन हिंडतात. पाणी थोडे, रान थोडे. गुरे पिकात शिरली की काठ्या निघायच्याच. यावर त्यांनी एक मजेदार तोड काढली आहे. ठरावीक जमातींत आणि आतेमामे भावंडांत थट्टेचे नाते मानतात. त्या नात्यातल्या माणसाने भर बाजारात तुम्हाला खादाड म्हटले, तरी रागवायचे नाही. तसेच खणखणीत उत्तर द्यायचे. हसता हसता मनातली अढी बाहेर पडते आणि भांडण मिटवायलाही हाच माणूस मध्ये पडू शकतो. युनेस्कोने २०१४ साली ही रीत जगाच्या वारशात नोंदवली. आपल्याकडे दीर-भावजयीची थट्टा चालते, पण ती घरापुरतीच. गावागावांत ती नेण्याची कल्पना मला तरी फार शहाणपणाची वाटते.

मग आपल्याकडे काय आहे? धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसाला कोण कोण जाते, ते तुम्ही पाहताच. मोहरमात पंजे बसतात, अलावा पेटतो. पुष्कळ गावांत हिंदू घरांतूनही मलिदा जातो, नवसाची पोरे फकीर होतात. गुरुजी, आपल्या गावात सवारीचा मान कोणाकोणाच्या घरी आहे, हे मुलांकडून म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या. पोरे पुण्याला गेली, की सांगणारे राहत नाहीत.

मोहरमात सरबत वाटतात, ते करबलाच्या तहानेची आठवण म्हणून. इसवी सन ६८० मध्ये इमाम हुसेन आणि त्यांच्या माणसांचे नदीचे पाणी तोडले होते. ही कथा आपल्या भागात कोणाला समजावून सांगावी लागत नाही! चंद्राच्या हिशेबाने मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२९ आणि २०३० साली तो ऐन मे महिन्यात येणार आहे. तेव्हा टँकरच्या गावात सरबताचे पाणी कोणाकोणाच्या घागरीतून येते, ते पाहायचे.