सातबारा तोच, रकाने बदलले

 

आज सातबाऱ्याविषयी बोलू या. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची आणि किती. गाव नमुना बारा सांगतो तिच्यात काय पिकलं. पीककर्ज असो, वारसनोंद असो, हा कागद लागतोच.

आपल्यातल्या कितीतरी जणी हा कागद अक्षर न् अक्षर वाचत नाहीत, खुणेनं वाचतात. "खाते नंबर पाहिजे? इतर हक्काच्या रकान्यापाशी बघ." "नाव कंसात दिसलं की ती नोंद गेली." वर्षानुवर्षं या खुणांनी काम भागलं.

मग सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं सातबाऱ्याचा नमुना बदलला. जमीन तीच, मालक तेच, फक्त मांडणी बदलली. खाते नंबर आता खातेदाराच्या नावासमोर आला. इतर हक्काच्या रकान्यात शेवटी आता शेवटच्या फेरफाराचा नंबर आणि तारीख येते. मयत खातेदाराच्या किंवा फिटलेल्या बोजाच्या नोंदीला पूर्वी नुसता कंस असायचा, आता कंसावर आडवी रेघही असते.

बदल चांगलेच आहेत. पण जुन्या खुणेनं जाणारीची गफलत कशी होते बघा. ती त्याच रकान्याशी जाते, तिथला नंबर उतरवते. तो असतो फेरफाराचा! नंबर नंबरासारखाच दिसतो, त्यामुळं शंका येत नाही. जागा रिकामी असती तर तिनं विचारलं असतं. पुढं अर्ज अडकला की मग कळतं. दुसरी कुणी वारलेल्या सासऱ्याच्या नावावर रेघ बघते आणि "आमचं नाव कापलं" म्हणून घाबरते. अगं, ती मयताची नोंद आहे. खाली वारसांत तुझं नाव लागलंय का, ते बघ.

कॉम्प्युटरचंही असंच असतं. "ओळीतला तिसरा आकडा उचल" असं त्याला शिकवलं आणि मध्ये एक आकडा वाढला, तर तो मुकाट्यानं भलताच आकडा उचलतो. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. १ मार्च २०२१ पासून तिचे जुने आयएफएससी कोड बंद झाले. खातेदार तीच, पैसेही तिचेच, पण अर्जावर जुना कोड राहिला तर पैसे वाटेतच अडकायचे.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, जागा पाठ करू नका, रकान्याचा मथळा वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून मथळ्यासकट वाचून घ्या. दोन, नवा कागद आला की जुन्याशेजारी ठेवा. नाव, गट नंबर, क्षेत्र, खाते नंबर जुळतात का ते बघा. जुळत नसेल तर तलाठ्याकडं जा, सही नंतर करा.

तिसरी गोष्ट गटाच्या वहीची. तिथं नमुना बदलणाऱ्या आपणच असतो. दंडाचा नवा रकाना हवा असेल तर बचत आणि कर्जाच्या मध्ये घुसवू नका, शेवटी जोडा. बैठकीत सगळ्यांना सांगा, ठरावात तारीख लिहा. वही अध्यक्ष वाचते, सचिव वाचते, बँकेचे साहेबही वाचतात. प्रत्येकाची नजर आपापल्या ठरल्या जागी जाते.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं आपला सातबारा घेऊन या. एकत्र बसून वाचू.