न्याहारीसाठी घरचे बेदाणे
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने आपल्या स्वयंपाकघरातले काही सांगावे, एवढ्याच बोलीवर मी उभी राहिले आहे. कार्यवाहबाईंनी मला ‘वाळवणे’ हा विषय दिला. पापड, कुरडया, सांडगे तुम्हा सर्वांना माझ्याहून चांगले येतात. म्हणून मी द्राक्षे वाळवण्याविषयी बोलणार आहे, आणि तेही सणावारच्या शिऱ्यासाठी नव्हे, रोजच्या न्याहारीसाठी.

न्याहारी आपल्या घरात सर्वांची होते. मुलांचा डबा होतो, मालकांचे पोहे होतात, सासूबाईंची दूधभाकरी होते. घरची बाई मात्र दोन कप चहावर बारा वाजेपर्यंत ओढते. आमच्या आळीतल्या एका वहिनींना पाणी भरता भरता घेरी आली, तेव्हा रक्त तपासले आणि ते फार कमी निघाले. त्या एकट्या नव्हेत. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने कुटुंबांची पाहणी केली, तीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना रक्तक्षय आढळला. आपल्याला सकाळी खायला वेळ नसतो हे खरे आहे. म्हणूनच वाटीत घेऊन उभ्याउभ्या खाता येईल असे काही फडताळात तयार हवे.

आता द्राक्षांकडे येते. आपला तासगावचा भाग बेदाण्यांचा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शेडमध्ये द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर सावलीत वाळवतात. आपल्याला घरी एवढा खटाटोप नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये घड भरताना जे सुटे मणी गळतात ते स्वस्त मिळतात, तेच घ्यावेत. मात्र हिशेब आधी करावा. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तेव्हा मण्यांचा भाव बाजारच्या बेदाण्याच्या चौथाईहून कमी असेल तरच हा उद्योग करावा. नाही तर सरळ विकतचा बेदाणा आणावा, त्यात कमीपणा नाही.

मणी बिनबियांचे आणि पूर्ण पिकलेले हवेत. आंबट द्राक्षाचा बेदाणा आंबटच होतो आणि वजनालाही कमी भरतो. फुटलेले, डागी मणी काढून टाकावेत. बागेत फवारण्या झालेल्या असतात, म्हणून दोन-तीन पाण्यांनी चांगले धुवावेत. मग मोठ्या पातेल्यात पाण्याला खळखळून उकळी आणावी, मणी रोवळीत घालून अर्धा मिनिट त्यात बुडवावेत आणि लगेच गार पाण्यात काढावेत. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, तो आतले पाणी बाहेर पडू देत नाही. उकळत्या पाण्याने तो सुटतो आणि सालीला बारीक चिरा जातात. हे न करता वाळत घातलेली द्राक्षे दिवसचे दिवस तशीच टपोरी राहतात, आणि मग आंबतात.

बाजेवर स्वच्छ सुती कापड घालून मणी सुटे सुटे पसरावेत, म्हणजे खालूनही वारा लागतो. वरून मलमलीचे फडके टाकावे. कडक उन्हात पाच-सहा दिवस लागतात, सावलीत दहा-पंधरा. उन्हातला बेदाणा काळपट होतो. त्याला नाके मुरडू नयेत. बाजारातला पिवळाधमक रंग गंधकाच्या धुरीने येतो. संध्याकाळी बाज घरात घ्यावी, आणि वळवाचे ढग दिसले तर दुपारीही. आत पंख्याखाली पसरले तरी चालते.

वाळले की नाही हे ओळखण्यातच खरी मेख आहे. दाणा चिमटीत दाबला तर रस येता कामा नये. नंतर आठ दिवस काचेच्या बरणीत ठेवून रोज हलवावेत. काचेला आतून घाम आला तर पुन्हा वाळत घालावेत. एका दाण्याला जरी बुरशी दिसली तरी सगळी बरणी फेकावी. वरचे निवडून खाली तेच वापरणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे, मुलांच्या पोटाशी तो खेळ होईल.

न्याहारीचे म्हणाल तर ज्वारीच्या लाह्या, भाजलेले पातळ पोहे, शेंगदाणे आणि तीळ एकत्र करून डब्यात भरावेत. बेदाणे त्यात मिसळून ठेवू नयेत. त्यांच्या ओलाव्याने लाह्या मऊ पडतात. खातेवेळी मूठभर बेदाणे आणि दूध घालावे. गव्हाची लापशी करताना बेदाणे शेवटच्या पाच मिनिटांत टाकावेत, मग गूळ निम्मा पुरतो. बेदाण्याने रक्त वाढते असे आपल्यात म्हणतात. खरे सांगायचे तर मूठभर बेदाण्यात लोह थोडेच असते. ते तिळात आणि अळिवात जास्त. म्हणून लापशीत चमचाभर भिजवलेले अळीव घालावेत, वर लिंबाची किंवा आवळ्याची फोड खावी आणि चहा तासाभराने घ्यावा, कारण चहा अंगी लागणारे लोह अडवतो. चक्रीचे चोचले... अंगात साखर असणाऱ्यांनी हात आखडता ठेवावा. अगदी लहान मुलांना अख्खा दाणा देऊ नये, घशात अडकतो. बारीक चिरून द्यावा.

बोरनहाणानंतर उरलेली बोरेही अशीच चीर देऊन वाळवावीत. ती कुटून, बिया काढून, चाळून गुळाबरोबर बोरकूट होते. करवंदांना चीक फार आणि बियाही फार. त्यांचे लोणचेच बरे, असे माझे मत आहे.

या खेपेला मार्चमध्ये चार-पाच घरांनी मिळून मणी आणावेत असा विचार आहे. ज्यांना गच्ची नाही त्यांनी आमच्या गच्चीवर आणावेत. फडकी मात्र आपापली आणावीत, आणि पाच वाजता आपले आपण उचलायला यावे.